थंड पडलेला ढीग

पगारे काका,

तुम्ही गेल्याला आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत आवारात कोणी मोठ्याने बोललेलं नाही, आणि हे तुम्हाला मुळीच आवडलं नसतं. हॉटेलांच्या गाड्या मात्र सकाळी साडेसहाला येतातच. माणूस गेला म्हणून कोबीची पानं कुजायची थांबत नाहीत. पहिल्या दिवशी मंदाताई आणि बाकीच्या बायकांनी डोळे पुसत पुसत सगळा ओला कचरा निवडला, त्यातून चार स्टीलचे चमचे काढले, धुतले आणि तुमच्या खुर्चीवर ठेवले. ते अजून तिथेच आहेत. चमचे परत करण्याचं तुमचं काम कोणाला जमणार नाही, कारण ते काम चमच्यांचं नव्हतंच. तुम्ही हॉटेलच्या मालकासमोर भर काउंटरवर ते ओळीने मांडायचात आणि म्हणायचात, "शेठ, आम्ही खत बनवतो, भांडी नाय." पुढचे पंधरा दिवस त्या हॉटेलचा कचरा आरशासारखा स्वच्छ यायचा.

मला तुमच्याबद्दल असं खूप काही लिहिता येईल. लोकांनाही तेच हवं आहे. पण आधी मला दुसरं एक सांगायचं आहे, आणि ते सांगताना माझी चाल नेहमीची आहे, म्हणजे तीनदा वळसा घालून मग दारात. तुमच्या नावावर एक चूक आहे. निफाडकडच्या निम्म्या द्राक्षवाल्यांना ती ठाऊक आहे. ती चूक माझी होती. तुम्हाला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तीन वर्षं आपण दोघं रोज सकाळी एकाच किटलीतला चहा प्यायलो.

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा मला फिटर नको होता. आडगावच्या पुढे ही जागा घेऊन मी खताचा प्रकल्प टाकला, तेव्हा माझ्याकडे कृषी महाविद्यालयाची पदवी होती, शेड होती, एक जेसीबी होता आणि नाकाने कांदे सोलायची सवय होती. मला माशा आणि वास यांतलं कळणारा माणूस हवा होता. तुम्ही ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि म्हणालात, "मॅडम, तेहेतीस वर्षं विमानाचे पार्ट तपासले. केसाएवढा फरक असला तरी परत पाठवायचो. तुमच्याकडं तपासणारा कोण हाय?" मी म्हटलं, मीच. तुम्ही ढिगाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. मला तुमचा पहिला राग तिथेच आला.

आठवड्याभरात तुम्ही लोखंडाची सळई आणलीत, हातभर लांब नव्हे, चांगली पुरुषभर. ती ढिगाच्या पोटात खुपसून ठेवायची, चहा पिऊन यायचं, उपसून हातात धरायची. धरवली नाही तर ढीग शिजतोय. मग मूठभर खत दाबून बघायचं, बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर पाणी बरोबर. शेवटी कुंडीत मेथी पेरायची. मेथी सारखी वर आली तर ढीग तयार. हे सगळं पुस्तकात होतं, मी परीक्षेत लिहिलंही होतं. तुम्ही ते करत होतात, एवढाच फरक.

आणि पाटी. प्रत्येक ढिगापुढे काळी पाटी ठोकायची कल्पना तुमची. ढीग कधी लावला, पलटी कधी कधी दिली, पाणी कधी मारलं, सगळं खडूने लिहायचं. सर्वांत खाली 'पास', आणि त्यापुढे तुमची दोन अक्षरं, सु. प. ती अक्षरं असल्याशिवाय ट्रॉली भरायची नाही, हा नियम तुम्ही ड्रायव्हरांना इतका घोटून पाजला होतात की मी मालकीण असून ते माझं ऐकत नसत. एकदा मी चिडून विचारलं होतं, खत माझ्या परवान्यावर जातं, मग सही तुमची कशाला? तुम्ही म्हणालात, "परवाना तुमचा. हात माझा."

त्या सहीचं तुम्हाला काय होतं, हे मला सुजाताकडून कळलं. तुमची मुलगी शाळेत शिक्षिका, तिला तुमचं हे काम अजिबात पसंत नव्हतं. पहिली दोन वर्षं ती कोणाला सांगतही नसे की बाबा कुठे जातात. एकदा तुमच्या घरी जेवायला आले होते, तेव्हा माझ्यासमोरच ती तुम्हाला म्हणाली, "आपल्या पणजोबांनी गावकीची कामं सोडली, गाव सोडलं. आजोबांनी तुम्हाला आयटीआयला घातलं. आणि तुम्ही पेन्शन घेऊन परत कचऱ्यात हात घालता." मला वाटलं, तुम्ही चिडाल. तुम्ही तिच्या ताटात भाकरी वाढलीत आणि म्हणालात, "त्यांच्याकडून करून घेत होते, बाळा. मी शिकून करतो. आणि पास कोण करतं? मी करतो. मोठमोठे बागाईतदार माझी सही बघून खत उचलतात." सुजाता उठून पाणी आणायला गेली. मी मात्र त्या दिवशी भाकरीचा तिसरा तुकडा मागून घेतला, इतकं मला बरं वाटलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं, काका. माहीत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोयही मी ठेवलेली नाही.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. मी नवा थर्मामीटर आणला होता, लांब दांडीचा, आकडे दाखवणारा. सगळ्यांना वाटायचं, आपलं भांडण यंत्र विरुद्ध सळई असं होतं. तसं ते नव्हतं. उलट तो थर्मामीटर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जपायचात, पुसून डब्यात ठेवायचात. चार नंबरच्या ढिगापाशी मी तुम्हाला आकडा दाखवला, छत्तीस. म्हटलं, बघा, थंड झाला, तयार आहे. तुम्ही मूठभर खत घेतलंत, दाबलंत. एक थेंब नाही. बोटांतून भुगा गळला.

"थंड झालाय मॅडम, शिजला नाय. कोरडा पडलाय म्हणून थांबलाय. पाणी मारा, बघा परत पेटतो का नाय."

"म्हणजे यंत्र खोटं बोलतं?"

"यंत्र कशाला खोटं बोलंल? तुम्ही त्याला विचारलं, किती गरम हाय. त्यानं सांगितलं. शिजलं का, हे तुम्ही विचारलंच नाय."

मंदाताई हसल्या. मला राग आला तो ढिगाचा नव्हे, हसण्याचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन दिवसांसाठी सटाण्याला बहिणीकडे निघालात आणि जाताना फाटकातून परत मागे आलात. "चार नंबरला हात लावू नका. मी आल्यावर पाणी मारू, अजून पंधरा दिवस लागतील." मी हो म्हटलं. मान हलवून, अगदी चांगल्या मुलीसारखं.

त्याच दुपारी दौलतनानांचा फोन. नाना माझे माहेरच्या नात्यातले, आईच्या चुलत भावांपैकी, निफाडच्या अलीकडे त्यांची बाग. नवी लागवड होती, वेली वर्षाच्याही नव्हत्या. "शुभांगी, चर खोदून तयार हायेत, मजूर बसून हायेत. खत पाठव बाई, उद्याच्या उद्या." मी थर्मामीटर परत एकदा खुपसला. पस्तीस. मी स्वतःला सांगितलं, पुस्तक माझ्या बाजूचं आहे. पण ड्रायव्हर ट्रॉली भरेना. पाटी दाखवून म्हणाला, पगारे काकांची सही नाही. मग तो जेवायला गेला, आणि मी खडू घेतला.

इथे मी नेहमी थांबते. मनातल्या मनातसुद्धा मी पुढचं कधी सलग म्हणत नाही. मी खडू घेतला, 'पास' लिहिलं, आणि त्यापुढे सु. प. लिहिलं. माझं नाव लिहिता आलं असतं. ड्रायव्हरला झापून, मी मालकीण आहे म्हणून गाडी सोडता आली असती. ते केलं नाही, कारण दोन दिवसांनी तुम्ही आल्यावर भांडण झालं असतं आणि मला ते नको होतं. तुमचं नाव वापरणं मला सोपं वाटलं. दोन ट्रॉल्या गेल्या.

नानांनी चर भरले, ठिबक सोडलं. पाणी मिळालं आणि तुम्ही म्हणाला होतात तसाच तो ढीग पेटला, फक्त आपल्या शेडमध्ये नाही, कोवळ्या मुळांच्या अंगाशी. आठ दिवसांत पानांच्या कडा जळल्या. तीन आठवड्यांनी निम्मी बाग पिवळी पडून बसली.

दरम्यान तुम्ही सटाण्याहून परत आला होतात. चार नंबरची जागा रिकामी दिसली. तुम्ही मला विचारलंत, ढीग कुठंय? मी म्हटलं, परत तपासला, ठीक होता, दिला. तुम्ही पाटीकडे बघितलंत का, हे मला तेव्हा कळलं नाही. जागा रिकामी झाली की पाटी पुसायची असते, ती तुम्ही पुसली नाहीत, आणि मी तर तिच्याजवळही फिरकले नाही.

मग नाना आले. जीपमधून उतरले ते हातात उपटलेली वेल घेऊन. आवारात सगळे होते, बायका, ड्रायव्हर, हॉटेलची एक गाडी खाली होत होती. नानांनी वेल माझ्या पायाशी टाकली आणि विचारलं, "कुणी पास केलं हे?" तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण आवाज आला नाही. नाना पाटीपाशी गेले. तुम्हीही गेलात. तुम्ही ती दोन अक्षरं वाचलीत, शांतपणे, वाचणाऱ्याला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावून. मग माझ्याकडे एकदाच बघितलंत.

"मी केलं, नाना," तुम्ही म्हणालात. "चूक माझी झाली."

काका, नाना मला काय बोलले असते? "पोरी, घाई केलीस," एवढंच. फार तर आईला फोन गेला असता. तुम्हाला जे बोलले, ते मी इथे लिहिते, कारण तुम्ही ते भर आवारात ऐकलंत आणि मला ते लिहायला जड जातं म्हणून गाळून चालणार नाही.

"मला लोक सांगत व्हते," नाना म्हणाले, "कचरा उचलणाऱ्याच्या हातात बाग देऊ नको. मातीशी संबंध नाय, शेती नाय, आणि हे खत पास करणार! तुमच्या लोकांनी नोकऱ्या कराव्यात, सरकार देतंय तुम्हाला. आमच्या वेलींना कशाला हात लावता?"

'तुमच्या लोकांनी.' हॉटेलचा ड्रायव्हरसुद्धा खाली बघायला लागला. तुम्ही हात मागे बांधून उभे होतात, कारखान्यात साहेबासमोर उभे राहत असाल तसे. नानांनी मोबाइलवर पाटीचा फोटो काढला आणि गेले. तो फोटो आठवडाभर गावोगावच्या ग्रुपवर फिरत होता.

मी त्या दिवशी तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही जेसीबीवाल्याला सहा नंबरची पलटी सांगत होतात. म्हटलं, काका, तुम्ही कशाला... तुम्ही म्हणालात, "आत्ता नको. लोक हायेत." मी ते सोयीने ऐकलं. 'आत्ता नको' म्हणजे 'कधीच नको', असा अर्थ मी लावून टाकला. आणि पुढे याहून वाईट केलं. द्राक्षवाल्यांचे फोन यायला लागले, "पगारे पास करत असतील तर आम्ही दुसरीकडून घेऊ." मी त्यांना म्हटलं, आता सही मी करते. सळई तुम्ही खुपसायचात, मेथी तुम्ही पेरायचात, आणि पाटीवर मी शु. लिहायचे. दोन महिने म्हटलं होतं. तीन वर्षं झाली. तुम्ही मला एकदाही खडू मागितला नाहीत.

तरी तुम्ही काम सोडलं नाहीत. गंगापूर रोडच्या त्या मोठ्या सोसायटीने सगळा कचरा एकत्र करून पाठवला, तेव्हा तुम्हीच तो परत नेऊन त्यांच्या लॉनवर प्लास्टिकच्या कागदावर पसरलात आणि सेक्रेटरी बाईंना म्हणालात, "या, तुम्ही निवडा, मी बसतो." त्या बाई नाकाला पदर लावून खाली उतरल्या, आणि तासाभराने स्वतःच बाकीच्यांना रागावत होत्या. आज त्या सोसायटीचा कचरा सगळ्यांत चांगला येतो. देवळांचं निर्माल्य, द्राक्षांचा चोथा, बाजार समितीतला टाकाऊ भाजीपाला, या सगळ्यांची गाठ कशी घालायची, कशात काय किती मिसळायचं, हे मी तुमच्याकडून शिकले आणि परिषदांमध्ये जाऊन माझं म्हणून सांगितलं. तेव्हा तुम्ही शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचात. टोमणा होता की कौतुक, हे मी कधी विचारलं नाही. दोन्ही असणार.

तुम्ही जाण्याच्या पंधरा दिवस आधीचं बोलणं माझ्या मनातून हलत नाही. चहा संपला होता. मीच विषय काढला, कारण आदल्या दिवशी एका लग्नात नाना भेटले होते आणि त्यांनी परत तीच गोष्ट हसत हसत सांगितली होती. मी म्हटलं, काका, मला फार वाईट वाटतं.

तुम्ही कप खाली ठेवलात. "मला कशाला सांगता, मॅडम? मला ठाऊक हाय. नानांना सांगा."

"आता इतक्या दिवसांनी..."

"त्या दिवशी मी तुम्हाला आडोसा केला," तुम्ही म्हणालात. आवाज चढला नव्हता, पण मी तुमचा तसा आवाज सात वर्षांत ऐकला नव्हता. "समोर माणसं व्हती, तुमची गाळण उडाली व्हती. म्हटलं, आजचा दिवस निघू दे, उद्या बाई स्वतः जाऊन सांगंल. एका दिवसाचा आडोसा. तुम्ही तर तिथं घरच बांधलं."

मी म्हटलं, सांगेन. तुम्ही म्हणालात, कधी? मी म्हटलं, छाटणीचा हंगाम होऊ द्या. तुम्ही उठलात, सळई घेतलीत आणि ढिगाकडे गेलात. त्यानंतर आपण ओलावा, माशा, डिझेल यांच्याबद्दल बोललो. दुसरं काही नाही.

परवा तुमचा जलदान विधी झाला, ओझरच्या तुमच्या वसाहतीतल्या विहारात. आदल्या दिवशी सुजाताचा फोन आला होता. "मॅडम, वंदनेनंतर आदरांजली आहे. तुम्ही बोला. दौलतनानाही येणार आहेत, त्यांनी स्वतः फोन करून विचारलं." मग ती म्हणाली, "तो पाटीचा फोटो मलाही आला होता तेव्हा. मी रोज चाळीस मुलांची अक्षरं तपासते. माझ्या बाबांचं अक्षर मला कळणार नाही का? मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, माझंच आहे, डोकं खाऊ नको." ती म्हणाली, "दहा वाजता या," आणि फोन ठेवला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं रस्ताभर मला वाटत होतं की मागची प्रत्येक गाडी नानांची आहे. हॉल भरला होता. कारखान्यातले तुमचे जुने सोबती, आपल्या आवारातल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून, सोसायटीच्या त्या सेक्रेटरी बाई. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं, सुजाताच्या शेजारी. असे कार्यक्रम एरवी तुम्हीच चालवायचात म्हणे. या वेळी माइक तिच्या हातात होता. दोघं-तिघं बोलले आणि नाना उभे राहिले.

नाना वाईट बोलले नाहीत. तेच वाईट होतं. म्हणाले, "पगारे माणूस सोन्यासारखा. आता माणूस म्हटला की चुकतोच. माझी बाग त्यांच्या हातून गेली, पण त्यांनी तोंडावर कबूल केलं. आजकाल कोण कबूल करतं? मी त्याच दिवशी मनातून माफ केलं त्यांना." लोकांनी माना हलवल्या. तुमच्या फोटोला हात जोडून नाना खाली बसले. सुजाताने माइक हातात धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता मॅडम बोलतील."

मी चार ओळी लिहून नेल्या होत्या. सचोटी, शिस्त, मार्गदर्शन असले शब्द होते त्यात. कागद पर्समध्येच राहिला. मी टेबलाला धरून उभी राहिले. म्हटलं, "नाना, तुम्ही ज्यांना माफ केलं, त्यांनी काही केलंच नव्हतं." हॉलमध्ये खुर्च्या सरकल्यासारखा आवाज झाला. मग मी सांगितलं. सटाणा, थर्मामीटर, खडू, सगळं. काका हात लावू नका म्हणून सांगून गेले होते, हेही. ती दोन अक्षरं मी लिहिली आणि नंतर तीन वर्षं त्यांची सही मीच काढून घेतली, हेही. रडणार नाही असं ठरवलं होतं, तेवढं पाळलं. मंदाताई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या नजरेत दया नव्हती. माइक परत देताना सुजाताचा हात माझ्या हाताला लागला, तो थंडगार होता. ती एवढंच म्हणाली, "बसा." मी बसले नाही, कारण नाना उठून बाहेर चालले होते.

ते चपलांपाशी उभे होते. एक पाय घातला होता, दुसरा तसाच. मला वाटलं, मला बोलतील. बोलावं असं वाटत होतं. मला हवं होतं ते.

"नाना, चूक माझी..."

"तुझं राहू दे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, एकदम म्हातारा. "तुझं तू बघ. मी त्याला काय बोललो त्या दिवशी, आठवतंय तुला? तुमच्या लोकांनी असं करावं, तसं करावं... साऱ्या माणसांदेखत. त्यानं काही केलंच नसंल तर मी ते कशापायी बोललो? आणि केलं असतं, तरी..." त्यांनी दुसरी चप्पल पायाने बाजूला सारली. "आता कुणापाशी जाऊन मागं घेऊ ते? तो तर गेला."

दारात सुजाता येऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मी आहे ना, नाना," ती म्हणाली. "मी त्यांची मुलगी. या आत, मला सांगा."

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग पायातली चप्पल काढली आणि तिच्या मागोमाग आत गेले. तिने तुमच्या फोटोच्या बाजूला दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या, त्यांना बसवलं आणि स्वतः बसली. मला कोणी बोलावलं नाही. मी आपणहून आत गेले आणि मागे, बायकांच्या रांगेच्या शेवटी बसले. नाना बराच वेळ बोलत होते, खाली मान घालून. सुजाता ऐकत होती, मध्ये एकदाच काहीतरी म्हणाली. काय बोलले, ते मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.